दाराबाहेरची रोजरी

रोजरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, सुरू झाली की माझं लक्ष आतल्या माणसांकडे राहत नाही. घर कोणाचंही असो, शारजात असो की दुबईत, मी जिथून बंद दार दिसेल अशी जागा धरते. पुढे एकजण नमो मरिये म्हणतो, बाकीचे उत्तर देतात, आणि सगळ्यांचं उत्तर संपलं की अर्धा क्षण मागून एक पुरुषी आवाज येतो. दाराच्या पलीकडून, दबका. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण हा आवाज माझ्या ओळखीचा आहे, आणि तो ऐकू येईनासा झाला तर मला जास्त भीती वाटेल.

मी वसईच्या ख्रिस्ती बाईची आणि मोंबासाच्या ख्रिस्ती माणसाची मुलगी. रंग, केस आणि खांदे डॅडींचे, बोली मम्मीची. जन्म दुबईचा, शाळा भारतीय, पासपोर्ट भारतीय, आणि चेहरा बघून कोणालाही यातलं काहीच खरं वाटत नाही. त्याचा एक फायदा असतो. लिफ्टमध्ये मराठी माणसं माझ्यासमोर मोकळेपणाने बोलतात. मागे एकदा शारजाच्या आमच्या इमारतीत एक नवरा-बायको माझ्याकडे बघत होते. ती म्हणाली, "ही कोणाकडे कामाला असेल रे?" तो म्हणाला, "पाचव्यावरच्या गोऱ्यांकडे असणार, त्यांना परवडतं." चौथा मजला आला तशी मी दार धरून म्हटलं, "चौथा तुमचा ना? उतरा." त्यांचे चेहरे आठवून मी आठवडाभर हसले. आणि आठवडाभर मला नीट झोपही लागली नाही, हेही खरं.

आमच्याकडे कोणी कुठे बसायचं हे कुठेही लिहिलेलं नसतं आणि सगळ्यांना पाठ असतं. मम्मी ज्या हॉटेलात रिझर्वेशनला होती त्याच हॉटेलच्या लाँड्रीत डॅडी होते. स्टाफ कँटीनमध्ये खिडकीजवळची टेबलं भारतीयांची, मधली फिलिपिनो लोकांची, भांडी ठेवायच्या खिडकीपाशी आफ्रिकन. एके दुपारी डॅडी ट्रे घेऊन उठले आणि सरळ खिडकीजवळ मम्मीसमोर येऊन बसले. म्हणाले, "यहाँ लाइट अच्छा है." हिंदी त्यांनी इथेच उचललेली. मम्मीसोबतच्या तिघी आपापले ट्रे घेऊन उठून गेल्या. मम्मीचं जेवण अर्धं राहिलं होतं म्हणून ती बसून राहिली, असं ती सांगते. मला विचाराल तर जेवण संपलं असतं तरी ती उठली नसती.

लग्न इथल्या चर्चमध्ये झालं. वसईहून कोणी आलं नाही, फोनही आला नाही. मम्मीने तो धक्का पचवला, पण त्यातून तिला एक सवय लागली. कोणी नकार देण्याआधी आपणच मागे सरायचं. तिची ही सवय मला फार उशिरा कळली.

बर दुबई भागात आम्ही राहायचो ती इमारत जुनी, लिफ्ट चार दिवस चालायची आणि चार दिवस रुसायची. त्या इमारतीत आणि समोरच्या गल्लीत मिळून वसईकडची बरीच ख्रिस्ती कुटुंबं होती. ऑक्टोबर लागला की त्यांच्यात मरियामातेची मूर्ती फिरायची. आज एका घरी, उद्या दुसऱ्या. संध्याकाळी सगळे त्या घरी जमायचे, टेबलावर पांढरा कपडा, फुलं, मेणबत्त्या, रोजरी, मग गाणं, मग खोबरं घालून उकडलेले चणे आणि चहा. दार लावून, आवाज बेताचा. बाहेर मिरवणूक काढायला इथे परवानगी नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून मूर्ती टॉवेलात गुंडाळून जिन्याने न्यायची. आणि ती न्यायचा एक रिवाज होता. ज्याच्या घरी जायची, त्या घरच्या पुरुषाने यायचं, सगळ्यांदेखत मूर्ती हातावर घ्यायची आणि स्वतः उचलून आपल्या घरी न्यायची. मागून बाकीचे उंबऱ्यापर्यंत जायचे.

म्हणजे आमच्या घरी मूर्ती यायची तर डॅडींनी दुसऱ्याच्या घरात शिरून, त्या सगळ्यांमधून पुढे जाऊन ती उचलायला हवी होती. तसं कधी झालं नाही. मूर्ती तिसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर जायची. चौथ्यावर आमचं दार असायचं, त्याच्यासमोरून जायची.

मम्मी आणि मी मात्र एक दिवस चुकवायचो नाही. मी सतरंजीच्या कडेला बसायचे. आंट्या वाईट नव्हत्या, हे मला सांगायलाच हवं. माझ्या वाटीत चणे जास्त पडायचे. एखादी माझ्या केसांत बोटं घालून म्हणायची, "बघ गं, दाबलं की परत वर येतात!" मग दोघी-तिघी दाबून बघायच्या. कोणी म्हणायचं, "नाकीडोळी गोड आहे हो पोर," आणि 'हो' म्हणताना जो थोडा वेळ जायचा त्यात उरलेलं वाक्य असायचं. मम्मी हसायची. ते हसणं मला आजही सहन होत नाही.

घरी आमची प्रार्थना इंग्रजीत व्हायची, डॅडींना कळावी म्हणून. डॅडी मम्मीपेक्षा जास्त देवभोळे. त्यांची आई त्यांच्या गावच्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायची. लहानपणी ते फादरच्या हाताखाली वेदीवर सेवा करायचे. मूर्ती उचलायचा हक्क कोणाला असेल तर त्यांना होता.

त्यांनी तो एकदाच मागितला. मी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली डब्यांशी खेळत होते. ते दारात उभे राहून मम्मीला म्हणाले, "इस बार मैं लेके आऊँ, मदर मेरी को? अपने घर?"

मम्मी चणे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नहीं होता. हमारे गाँव का आदमी ही उठाता है. रूल है."

"रूल है?"

"हाँ. पहले से."

"ओके," डॅडी म्हणाले. "रूल है तो खलास." आणि त्यांनी मला ओट्याखालून ओढून काढून खांद्यावर घेतलं. त्यांचा आवाज जरासुद्धा बदलला नव्हता. असा काही नियम नव्हता. गोव्याचा एक जावई होता, मंगळूरचा एक होता, दोघांनी मूर्ती उचललेली मी पाहिली होती. पण तेव्हा मला वाटलं, मोठ्यांना माहीत असणार.

मी आठ-नऊ वर्षांची असताना तिसऱ्या मजल्यावरच्या आंटींकडे रोजरी होती. या आंटी म्हणजे सगळ्या ग्रुपच्या पुढारी. कोणाकडे कधी मूर्ती जायची ते त्याच ठरवायच्या. मम्मी चण्यांचा टोप आमच्या घरी विसरली होती, म्हणून रोजरी चालू असतानाच तिने मला वर पिटाळलं. मी दार उघडून बाहेर आले, मागे ओढून घेतलं. चपलांचा ढीग ओलांडला आणि जिन्याकडे वळले तर वळणाच्या पायरीवर डॅडी बसलेले.

अंगावर लाँड्रीचा युनिफॉर्म, त्याला स्टार्चचा वास. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. डोळे मिटलेले. एका हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. आतून नमो मरिये संपलं, सगळ्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि डॅडींचे ओठ हलले. मराठीत. पवित्र मरिये. उच्चार वेडेवाकडे, शब्द मात्र एकही चुकला नाही. शेवटचं आमेन सगळ्यांच्या मागून आलं.

मी तिथेच उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं.

"डॅडी, व्हाय आर यू हिअर?"

"यहाँ से अच्छा सुनाई देता है," ते कुजबुजले. मग इंग्रजीत म्हणाले, मम्मीला सांगू नकोस, तिला उगाच वाईट वाटेल. "यल्ला, गो. चना ठंडा हो जाएगा."

तेव्हापासून मला ठाऊक होतं. दर ऑक्टोबरला ड्यूटी संपवून ते येऊन जिन्यात बसायचे. आत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला की उठून निघून जायचे. मम्मी आणि मी घरी पोचेपर्यंत ते किकोय गुंडाळून, म्हणजे त्यांच्याकडची लुंगी, टीव्हीसमोर बसलेले असायचे आणि विचारायचे, "कैसा हुआ?" मम्मी म्हणायची, "अच्छा हुआ." ते माझ्याकडे बघून एक डोळा मिचकवायचे. मला त्या वयात ती गंमत वाटायची. आमचं दोघांचं काहीतरी आहे, मम्मीला माहीत नसलेलं.

डॅडी एका सकाळी कामावर असतानाच गेले. इस्त्रीच्या मशीनसमोर खाली बसले ते उठले नाहीत. मी तेव्हा नोकरीला लागले होते. त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या घरी आंट्या आल्या, डबे आले, सगळ्यांनी आमच्या हॉलमध्ये बसून त्यांच्यासाठी रोजरी म्हटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो ग्रुप आमच्या घरात बसला होता. मी सतरंज्या घालत होते आणि डोक्यात एकच विचार होता, की आता तरी डॅडींना आत बसता आलं असतं. आता कोणाला काय अडचण होती?

त्यांना आम्ही मोंबासाला नेलं. त्यांच्या गावात, त्यांच्या आईशेजारी पुरलं. तिथल्या नातेवाइकांनी मला पोटाशी धरून रडून घेतलं आणि माझी ओळख करून देताना म्हणाले, ही त्याची मुहिंदी मुलगी. मुहिंदी म्हणजे हिंदुस्थानी. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी एका झटक्यात भारतीय म्हटलं ते तिथे. मला हसू आलं. हसायची ती जागा नव्हती.

त्यांची कबर इथे नाही म्हणून की काय, ते इथून गेले असं वाटतच नाही. बर दुबईची ती इमारत पाडली. मम्मी आणि मी शारजाला आलो. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाथरूममधून आले की मम्मी दचकते. माझ्या खांद्यांकडे बघत राहते, मग म्हणते, "दिवा लाव गं पॅसेजचा, काही दिसत नाही." दिवा लागलेलाच असतो. लिफ्टच्या आरशात मीही स्वतःकडे बघायचं टाळते. थकून आले असेन तर तिथे मी कमी आणि डॅडी जास्त दिसतात, आणि ते काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखे बघतात. मी विचारते, "काय?" मग मजला येतो.

रोजरीचा ग्रुप अजून आहे. मूर्तीही तीच, फक्त आता गाडीने फिरते, टॉवेलाची घडी आणि सीटबेल्ट लावून. आंट्या म्हाताऱ्या झाल्या, काही वसईला परतल्या. सगळं आता एक तरुण मुलगी व्हॉट्सअ‍ॅपवर सांभाळते. तिसऱ्या मजल्यावरच्या आंटी मुलाकडे आल्या आहेत, काठी घेऊन चालतात. या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या मुलाच्या घरी रोजरी झाली. सगळे चणे खात होते. आंटींनी मला जवळ बोलावलं आणि माझा हात हातात घेतला.

"या वर्षी माउलीला तुझ्याकडे येऊ दे गं. तुझ्या डॅडींनी काही कधी नेली नाही."

मी म्हटलं, "आंटी, त्यांना कोणी बोलावलं नाही."

"अगो, असं काय बोलतेस? दर वर्षी विचारायचे मी तुझ्या आईला. ती म्हणायची, त्यांना नाही हे आवडत. त्यांचा नाही विश्वास. मग मी कशाला जबरदस्ती करू?"

माझा हात त्यांच्या हातातच राहिला. म्हातारपणी माणसं आपला भूतकाळ धुऊन इस्त्री करून ठेवतात, हे मला माहीत आहे. पण त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी म्हटलं, "चालेल, उद्या माझ्याकडे." आणि घरी येईपर्यंत मला इतका राग आला होता की सिग्नल हिरवा झालेला कळला नाही.

मम्मी चणे भिजत घालत होती. तिला ग्रुपवर आधीच कळलं होतं की मूर्ती आमच्याकडे येणार. मी पर्ससुद्धा न ठेवता विचारलं, "मम्मी, डिड आंटी आस्क यू? एव्हरी इयर?" लहानपणापासून आमचं असंच. ती मराठीत, मी इंग्रजीत.

तिने नळ बंद केला. "विचारायच्या."

"अँड यू सेड ही डझन्ट बिलीव्ह?"

"कशा विचारायच्या ते नाही सांगितलं त्यांनी?" मम्मी म्हणाली. "सगळे गेल्यावर, चप्पल घालता घालता विचारायच्या. 'या वर्षी घेणार नाहीस ना?' असं. मी नाही म्हटलं की एवढा मोठा सुस्कारा सोडायच्या. मला कळत नव्हतं?" तिने हात पुसले, पुन्हा पुसले. "समज, हो म्हटलं असतं. ते गेले असते शर्टबिर्ट घालून मूर्ती आणायला. आणली असती. आणि संध्याकाळी कोणी आलंच नसतं तर? कोणाला ताप, कोणाची ड्यूटी, कोणाकडे पाहुणे. ते टेबल सजवून, चण्यांचा टोप घेऊन बसले असते दाराकडे बघत. मला नव्हतं ते बघायचं."

"सो यू टोल्ड हिम इट्स अ रूल."

"नियमाचं माणसाला वाईट वाटत नाही," मम्मी म्हणाली. "माणसांचं वाटतं."

मी डॅडींना दिलेला शब्द इतकी वर्षं पाळला होता. ते गेल्यावरही. त्या क्षणी मी तो मोडला, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, कारण मम्मीला वाटत होतं की तिने त्यांना वाचवलं. मी तिला जिना सांगितला. वळणाची पायरी, गुडघ्यावरची टोपी, बोटांची पेरं. पवित्र मरिये, मराठीत, अखेरपर्यंत. दर वर्षी. हे सगळं मी मराठीत सांगितलं. इंग्रजीत ते सांगता आलं नसतं.

मम्मी रडली नाही. बराच वेळ भांड्यातल्या पाण्यात बोट फिरवत राहिली, मग म्हणाली, "मराठीत? मला कधी म्हणून दाखवलं नाही." आणि झोपायच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मूर्ती आणायला गेले. आंटींचा मुलगा म्हणाला, "आम्ही आणतो ना, तू कशाला?" मी म्हटलं, "घरच्याने न्यायची असते." आमच्या घरात घरचा माणूस आता मीच आहे. सगळ्यांदेखत पुढे झाले, मूर्ती हातावर घेतली. वाटलं होतं त्यापेक्षा हलकी निघाली. इतक्या हलक्या वस्तूसाठी, मनात आलं.

आमच्या मजल्यावर पोचले तर मम्मी दारात उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन. तिच्या अंगावर मी साडी कितीतरी वर्षांनी पाहत होते. मी आत गेले, टेबलावर मूर्ती ठेवली. मागोमाग सगळे आले. एकूण एक आले. कोणाला ताप नव्हता, कोणाकडे पाहुणे नव्हते. खुर्च्या कमी पडल्या, मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसली. मम्मी अजून दारातच.

व्हॉट्सअ‍ॅपवाली मुलगी दार लावायला गेली. म्हणाली, "आंटी, सगळे आले. लावू ना? आवाज बाहेर जाईल."

"जाऊ दे," मम्मी म्हणाली.

"एसी चालू आहे, आंटी."

"असू दे. उघडंच राहू दे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिसऱ्या मजल्यावरच्या आंटी काठीवर हात ठेवून बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "कोण यायचंय का गं अजून?"

मम्मी त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. "हो," म्हणाली.

आंटींनीच सुरुवात केली, नमो मरिये. सगळ्यांनी उत्तर दिलं, मीही दिलं. बाहेर पॅसेजमधला दिवा हालचाल नसल्यामुळे विझून गेला होता, दारातून नुसता अंधार दिसत होता. मम्मी त्या अंधाराकडे तोंड करून उभी होती. जपमाळ तिच्या हातात होती, पण मणी सरकत नव्हते आणि ओठ मिटलेले होते. ती उत्तर देत नव्हती. आमचं सगळ्यांचं उत्तर संपलं की ती मान जराशी पुढे करायची आणि ऐकायची.